लाल अक्षरांतली नावं

उम्म अल हस्सम, बहरीन
१ सप्टेंबर २०२४

प्रिय परीक्षितदादा,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पदरी घे.

फोनवर तू दोन मिनिटांत "बरं, ठेवतो, बिल येतंय" म्हणतोस. हल्ली बिल येत नाही हे सांगून मी थकले. म्हणून हा ई-मेल. पण वाच पत्र समजून, आणि उत्तरही पत्रासारखं दे. नुसता अंगठा पाठवू नकोस.

बातमी अशी. तुझी मावसबहीण, जिने तुझ्याच वडिलांपुढे, म्हणजे काकांपुढे, तुझ्या शेजारी सतरंजीवर बसून शब्दरूपं घोकली, आणि पुढे सांगलीत संस्कृतचे तास पुरेनात म्हणून बारा वर्षं इंग्रजी शिकवलं, ती एकोणपन्नासाव्या वर्षी एका कोरियन शाळेत इंग्रजीची परदेशी शिक्षिका झाली आहे. हसून घे, मी थांबते.

शाळा म्हणजे हमद टाउनमधला दुमजली व्हिला. इथे जहाजं दुरुस्त करणारी एक कोरियन कंपनी आहे, तिच्या इंजिनिअरांची पंचवीसेक मुलं. आधीची आयरिश बाई सुट्टीला गेली ती परत आलीच नाही, आणि सत्र तर तोंडावर. शिरीषच्या ऑफिसातल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं. मुख्याध्यापिका मिसेस शिम माझ्याशी थोडा वेळ बोलल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून या." दोन महिने तात्पुरतं. पसंत पडले तर कायम, आणि कायम झाले तर व्हिसा शाळेचा.

हे शेवटचं वाक्य हसण्यासारखं नाही, म्हणून सरळ सांगते. शिरीषची इथल्या सीफ भागातली कंपनी डिसेंबरअखेर बंद होते आहे. इथे नोकरी गेली की पाठोपाठ राहण्याचा परवानाही जातो, आणि त्याच्या परवान्यावर आम्ही दोघी. आर्याची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत. मला शाळेचा व्हिसा मिळाला तर तिला माझ्याबरोबर ठेवता येईल, असं एजंट म्हणतो. नाही मिळाला तर पोरीला ऐन परीक्षेच्या तोंडावर उचलून आणायचं. शिरीष रोज सकाळी बूट घालताना म्हणतो, "होईल गं, इंशाल्ला." अकरा वर्षांत एवढा एकच अरबी शब्द तो मनापासून शिकला.

पहिल्या दिवशी शाळेची व्हॅन न्यायला आली. ड्रायव्हर दत्ताराम, आचऱ्याचा. दारातच म्हणाला, "बाय, चपला भायर काढूक व्हयी हां. घरच्यासारखीच आसत माणसां." खरंच तसं आहे. दारात चपलांचं कपाट, आत मऊ सपाता. मुलं कमरेत वाकून नमस्कार करतात. वही दोन्ही हातांनी देतात, दोन्ही हातांनी घेतात. मिसेस शिम यांनी पहिला घास घेतल्याशिवाय जेवणाच्या टेबलावर कुणी चमचा उचलत नाही. काकांना जे आपल्याकडून छडीनेही करवून घेता आलं नाही, ते इथे दुसरीतली पोरं हसत करतात.

आणि वय! गणिताच्या मिस हान यांनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "हाउ ओल्ड?" मी सांगितलं. त्या एक्कावन्न. चेहरा उजळला, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तेव्हापासून प्रत्येक दारातून माझ्या आधी शिरतात. मला थेट मिरजेला आल्यासारखं वाटलं.

आर्या कोरियन मालिका बघून निम्मी तिकडची झाली आहे. वाकायचं कसं ते तिने मला आरशापुढे उभं करून शिकवलं. "मम्मा, लोअर. नो, नॉट लाइक सूर्यनमस्कार!"

एकच गोष्ट टोचली. जुवोन नावाचा दुसरीतला मुलगा मधल्या सुट्टीत जवळ आला, वाकला, आणि अतिशय अदबीने म्हणाला, "टीचर, व्हेन इज फॉरिनर टीचर कमिंग?" मी म्हटलं, "बाळा, मीच ती." त्याने मला नीट न्याहाळलं, पुन्हा वाकला आणि म्हणाला, "ओके. बट व्हेन?"

इथल्या प्रत्येक कागदावर मी परदेशी आहे. त्यातून मला मोकळं करणारा हा पहिलाच.

या महिन्यात पालकांचा दिवस आहे. आया येऊन वर्गात मागे बसतात आणि बाई कशी शिकवते ते बघतात. माझं काय करायचं ते बहुधा तिथेच ठरेल. काही सुचव. तू सुचवल्याशिवाय राहणार नाहीस, पण विचारल्याचं पुण्य मला.

तुझी,
लीना


मिरज
६ सप्टेंबर

चिरंजीव लीनेस,

आशीर्वाद. त्यातले निम्मे शिरीषरावांना दे, सध्या त्यांना जास्त लागतील.

तो जुवोन नैयायिक आहे. प्रत्यक्ष समोर उभं असतानाही अनुमान सोडत नाही. अशा शिष्याला जप.

इकडचं सांगण्यासारखं एवढंच की आपल्या हायस्कुलात जूनपासून संस्कृत बंद झालं. माझ्या जुन्या वर्गात संगणक बसवले आहेत. निवृत्त झाल्यावरही मी दर मंगळवारी चार मुलं गोळा करून शिकवत होतो, त्यातली तीन कोटाला गेली आणि चौथ्याच्या आईने "सर, स्कोअरिंग नाही हो" असं सांगितलं. आता घरात तुझी वहिनी ऐकते, पण कानाचं यंत्र काढून ठेवून. तेव्हा तू सल्ला मागितलास हे बरंच केलंस. सल्ला साठून राहिला की पित्तासारखा वर येतो.

बाबांनी आपला विद्यारंभ कसा केला, आठवतं? पाटीवर पहिल्यांदा आपलं नाव उमटलं ते कुंकवात बोट बुडवून. लग्नपत्रिका देवापुढे ठेवतानाही पहिलं बोट कुंकवाचं. लाल अक्षरांत आलेलं नाव म्हणजे आशीर्वादात आलेलं नाव. तू असं कर. प्रत्येक मुलाच्या नावाचं एकेक कार्ड लाल शाईने लिही, एका बाजूला इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला त्यांच्या लिपीत. तुझं अक्षर आपल्या घराण्यात सर्वांत चांगलं आहे, हे मी पन्नास वर्षांत प्रथमच मान्य करतो. पालकांसमोर एकेकाला नावाने हाक मार आणि कार्ड हातात दे. व्याकरण नंतर शिकव. आयांना आपल्या लेकराचं नाव ऐकायचं असतं, क्रियापदं नाहीत.

शंका घेऊ नकोस. लाल हा अखिल पूर्वेचा मंगलवर्ण आहे. चीनच्या लग्नातली नवरी बघ, जपानचा ध्वज बघ. कोरिया या दोघांच्या मध्ये बसला आहे. दोन समयांच्या मधल्या पाटावर अंधार कसा असेल?

आणि आर्याला विचारत बसू नकोस. मालिका बघून संस्कृती कळत असती तर तुझी वहिनी एव्हाना पट्टराणी झाली असती.

शुभं भवतु.

परीक्षित


उम्म अल हस्सम
२० सप्टेंबर

प्रिय दादा,

झाला काल पालकांचा दिवस. तुझं ऐकलं.

शाळेच्या हजेरीवरून त्यांच्या लिपीतली नावं उतरवून घेतली आणि दोन संध्याकाळी बसून गिरवली. त्यांची अक्षरं म्हणजे छोटी छोटी घरं आहेत, खिडक्या-दारांसकट. खालच्या कोल्ड स्टोअरमधल्या, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातल्या, मल्याळी मुलाकडून जाड लाल पेनं आणली. आर्याला दाखवलं नाही. तुझी आज्ञा, आणि थोडा माझाही हट्ट. आईने काहीतरी आपल्या आपण करून दाखवावं, असं वाटलं.

एकेकाला हाक मारली. मूल पुढे यायचं, वाकायचं, दोन्ही हातांनी कार्ड घ्यायचं आणि मागे बसलेल्या आईकडे न्यायचं. वर्गात इतकी शांतता, की एसीची घरघर ऐकू यावी. आपल्याकडे आयांनी फोटो काढून स्टेटसला टाकले असते. या बायकांनी कार्ड बघितलं आणि लगेच पालथं करून पर्समध्ये ठेवलं, प्रसाद ओटीत घ्यावा तसं. एकीनेही आवाज केला नाही.

सोयुल नावाची एक आठ वर्षांची गोड मुलगी आहे. तिचे वडील हृदयाच्या दुखण्याने हॉस्पिटलात आहेत. तिच्या आईने कार्ड हातात घेतलं आणि तिचे डोळे एकदम भरले. उभी राहिली, खोल वाकली आणि मुलीचा हात धरून बाहेर गेली. घरात असं दुखणं, आणि लेकीचं नाव मंगल अक्षरांत समोर. भरून येणारच गं बाई, असं मी मनात म्हटलं.

शेवटी मिसेस शिम म्हणाल्या, "यू वर्क्ड व्हेरी हार्ड." आर्या म्हणते, त्यांच्यात ही मोठी शाबासकी असते. आणि मिस हान यांनी जाताना दारात थांबून चक्क मला आधी जाऊ दिलं. बघ आता, बढतीच झाली!

शिरीषला सांगितलं तर तो म्हणाला, "मग व्हिसा आलाच समज." इंशाल्ला म्हणायला विसरला.

लीना


मिरज
२६ सप्टेंबर

विदुषी लीनाबाईंस,

साक्षात् दंडवत. गुडघे माझेही दुखतात, पण आज घातला.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनीने यंत्र लावून ऐकलं, यावरून प्रसंगाचं मोल ओळख. सोयुलच्या आईपाशी आलो तेव्हा चष्मा काढून पुसावा लागला. संध्याकाळी वाचनालयात गेलो आणि तिथेही सांगितलं. कार्यवाह म्हणाले, "सर, हे आमच्या दिवाळी अंकाला द्या. चार पानं राखून ठेवतो, पण आठवड्यात हवं." गेली कित्येक वर्षं ते मला "जागा उरली तर बघू" म्हणत आले आहेत.

तेव्हा लेख सुरू केला. शीर्षक: 'मंगलवर्ण'. बाबांच्या पाटीपासून निघतो आणि बहरीनच्या वर्गात येऊन थांबतो. शेवट त्या माउलीच्या भरल्या डोळ्यांवर. भाषा वेगळी, देश वेगळा, पण लाल अक्षराने काळीज ओळखलं, असं काहीसं. जरा सुवासिक झालं आहे, पण दिवाळी आहे.

लीने, एक कबूल करतो आणि पुन्हा करणार नाही. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझं ऐकलं, आणि त्याचा उपयोग झाला.

व्हिसाचं काय झालं ते कळव.

परीक्षित


उम्म अल हस्सम
८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

कामात आहे, म्हणून चार ओळी. आम्ही सगळे बरे. सोयुलचे वडील हॉस्पिटलातून घरी आले. व्हिसाचं अजून काही नाही.

लेख जरूर लिही. पण त्यातून माझं नाव काढ. शाळा, बहरीन, तो प्रसंग, सगळंच काढ. काकांच्या पाटीवर लेख संपव. तेवढी पाटी पुरेशी आहे. कारण विचारू नकोस, एवढं ऐक.

लीना


मिरज
१२ ऑक्टोबर, दसरा

चि. लीनेस,

सोनं घे आणि सोन्यासारखी राहा.

तुझा विनय पाहून बाबा सुखावले असते. लहानपणी तुला पहिलं बक्षीस मिळालं की तू दाराआड लपायचीस, आणि मी ते घेऊन गल्लीभर मिरवायचो. आजही वाटणी तीच ठेवू. तू लप, मी मिरवतो.

शिवाय उशीर झाला आहे. लेख छापखान्यात गेला, नावासकट. 'सौ. लीना, माझी भगिनी, आज सागरापार कोरियन बालकांची आचार्या' असं आहे. आचार्या हा शब्द खटकला तर सांग, पण आता बदलता येणार नाही.

दोन महिने संपत आले ना? कायम झाल्याची बातमी अंकाच्या आधी येऊ दे.

परीक्षित


उम्म अल हस्सम
२५ ऑक्टोबर

दादा,

कायम झाले नाही. कालचा गुरुवार माझा शेवटचा दिवस होता. आता सगळं क्रमाने लिहिते, कारण तुला अर्धवट सांगितलं की तू उरलेलं स्वतः रचतोस.

मी तुला ते आनंदाचं पत्र पाठवलं, त्याच संध्याकाळची गोष्ट. एक कार्ड जास्तीचं झालं होतं, जुवोनच्या नावाचं, आकार जरा चुकलेलं. मी ते कौतुकाने फ्रिजवर लावलं होतं. आर्या क्लासहून आली, पाणी प्यायला फ्रिजपाशी गेली आणि तिथेच थांबली.

"मम्मा, हू डाइड?"

मी म्हटलं, काय बोलतेस?

"हे रेडमध्ये कुणी लिहिलं? मम्मा, यू डिडन्ट. प्लीज टेल मी यू डिडन्ट."

त्यांच्यात मेलेल्या माणसाचं नाव लाल शाईने लिहितात, दादा. जिवंत माणसाचं लिहिलं तर तू मर असं म्हटल्यासारखं. आर्या म्हणते, हे मालिका बघणाऱ्या कुठल्याही पोरीला ठाऊक असतं. तिने विचारलं, "तू मला का नाही विचारलंस?" मी तुझं पत्र उघडून तिच्यापुढे ठेवलं. मालिकांवरची शेवटची ओळ वाचून ती खोलीत गेली.

म्हणजे मी पंचवीस आयांना एकेक करून पुढे बोलावलं आणि त्यांच्या लेकरांची मरणाची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. सुबक अक्षरात. जिचा नवरा हॉस्पिटलात होता तिलाही.

रविवारी शाळेत गेल्या गेल्या मिसेस शिम यांच्यापुढे आर्याने शिकवलं होतं त्यापेक्षाही खाली वाकले. त्या हसल्या. "इट इज नथिंग. ओन्ली ओल्ड पीपल्स बिलीफ." मी निळ्या शाईने सगळी कार्डं पुन्हा लिहिली. मुलांनी दोन्ही हातांनी घेतली, वाकली. सोयुल आठवडाभर आलीच नाही.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले असते, रडले असते, पाया पडले असते. आधी माझा तिसरीचा तास मिस हान यांच्याकडे गेला, "यू मस्ट बी टायर्ड" म्हणून. मग दुसरीचा. मग मला वरच्या मजल्यावरची पुस्तकं लावायला सांगितली. ती लावून झाल्यावर दुसऱ्या क्रमाने लावायला सांगितली. येता-जाता मुलं वाकतच होती. दादा, वाकणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, हे मला तिथे कळलं.

एकदा मिस हान यांना मी व्हॅनपाशी गाठलं. समोरच्या टपरीवरून दोन करक, म्हणजे इथले दुधाचे कडक चहा, आणले आणि सरळ विचारलं, चूक झाली, मान्य केली, मग अजून काय राहिलं? त्यांनी कप व्हॅनच्या बॉनेटवर ठेवला. मग म्हणाल्या, सोयुलची आई म्हणते, ही बाई बुद्धाच्या देशातून आली आहे. घरी चपला काढून आत जाते. वयाने मोठी आहे, शिक्षिका आहे. हिला हे ठाऊक नसेल कसं? हिने जाणूनबुजून केलं.

मी म्हटलं, मला खरंच ठाऊक नव्हतं.

त्या म्हणाल्या, "आय बिलीव्ह यू. बट आय ॲम ओन्ली मॅथ टीचर."

गेल्या रविवारी मिसेस शिम यांनी बोलावलं. पालक थोडे अस्वस्थ आहेत, तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, असं दोनदा सांगून त्यांनी कोरियन नाशपतींचं खोकं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. नवा शिक्षक आला होता. गुरुवारपर्यंत थांबून त्याला वर्ग दाखवाल का, असं विचारलं. मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. कुणी नम्रपणे विचारलं की आपल्या घराण्यात नाही म्हणता येत नाही.

न्यूझीलंडचा आहे. चोवीस वर्षांचा, सोनेरी केस, हात खिशात. आधी कुठे शिकवलेलं नाही. दाराशी बूट काढायला विसरला तर मुलं खिदळत त्याच्या पायाला लोंबकळली आणि त्यांनीच त्याचे बूट ओढले. जुवोनने त्याला पाहिलं आणि माझ्याकडे वळून समाधानाने मान हलवली. आला एकदाचा.

आता काल काय झालं ते ऐक. शेवटच्या तासाला तो म्हणाला, या महिन्यात कुणाकुणाचे वाढदिवस? आणि लाल मार्कर उचलून फळ्यावर मोठ्या अक्षरांत नावं लिहायला लागला. मी मागे उभी होते. त्याला थांबवायला पुढे निघाले, तोवर त्याने दुसरं नाव लिहिलं ते सोयुलचं.

मुलं किंचाळली, "नो, नो, टीचर!" आणि हसत सुटली. सोयुलची आई तिला न्यायला येऊन दारात उभी होती. तीही हसली, दादा. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सपाता घालून आत आली, स्वतः फळा पुसला, निळा मार्कर शोधून दोन्ही हातांनी त्याला दिला. तो म्हणाला, "ऊप्स." परत जाताना ती माझ्यापाशी थांबली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. अगदी आपुलकीने, जणू आम्ही दोघी एका घरच्या.

"ही इज फॉरिनर," म्हणाली. "ही डजन्ट नो."

नोकरी द्यायला मी पुरेशी परकी नव्हते, आणि माफ करायलाही नव्हते.

तिचा नवरा कामावर रुजू झाला आहे. मुलं सगळी खुटखुटीत आहेत. लाल शाईने कुणाचंही काही वाकडं झालेलं नाही, आम्हां तिघांशिवाय.

दत्तारामने घरी सोडलं. दारात नाशपतींचं खोकं उतरवून देताना म्हणाला, "बाय, नवो मास्तर बरो आसा?" मी म्हटलं, बरा आहे. तो म्हणाला, "आसतलोच." आणि गाडी वळवली.

डिसेंबरअखेर आम्ही येतो. आर्याच्या एका मैत्रिणीची आई शाजिया म्हणते, पोरीला माझ्याकडे ठेवा, पण परवान्याशिवाय ठेवायचं कसं? परीक्षेपुरतं व्हिजिट व्हिसावर परत आणता येईल का, ते शिरीष बघतो आहे. नाहीतर वर्ष गेलं.

मी आधी का नाही लिहिलं? तू म्हणालास, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझं ऐकलं. त्यावर काय लिहिणार होते?

लीना


मिरज
२९ ऑक्टोबर

लीने,

आज आशीर्वाद देत नाही. माझे आशीर्वाद काय करतात ते कळलं.

तुझं पत्र वहिनीला दिलं. तिने स्वतः वाचलं आणि एवढंच विचारलं, "आर्याला विचारू नको, असं तुम्ही लिहिलंत?" मी हो म्हटलं. ती स्वयंपाकघरात गेली. कालपासून यंत्र कानातच आहे, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

दोन समयांच्या मधला पाट! काय उपमा होती. मी ना चीन पाहिला ना जपान. मी त्या दोघांच्या मधली जागा भरून काढली, कारण वाक्य छान होत होतं. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की प्रमाणाशिवाय बोलू नका.

सकाळी वाचनालयात गेलो. अंक यंदा लांबला आहे, अजून बांधणीवाल्याकडे आहे. पान काढता येत नाही, पण आत शुद्धिपत्र चिकटवायला कार्यवाह तयार आहेत. त्यांना बरं वाटलेलं नाही, म्हणाले, "सर, सगळ्यांत तोच लेख गोड झाला होता." मजकूर मी लिहून ठेवला आहे: 'मंगलवर्ण या लेखातील बहरीनचा प्रसंग लेखकाने अज्ञानाने विपरीत सांगितला आहे. त्या बाईंचे अश्रू भयाचे होते. लेखकाच्या सल्ल्यामुळे त्याच्या भगिनीस नोकरी गमवावी लागली. दोष सर्वस्वी लेखकाचा.' खाली माझी सही.

तू हो म्हण, लगेच चिकटवून घेतो. प्रत्येक प्रतीत, माझ्या हाताने.

वरच्या दोन खोल्या रिकाम्या करायला घेतल्या आहेत. भाडं वगैरे शब्द काढलास तर बोलणार नाही.

परीक्षित


उम्म अल हस्सम
२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

शुद्धिपत्र नको.

मजकूर चांगला आहे. तू इतकं साधं मराठी लिहू शकतोस हे काकांना कळलं असतं तर छडी वाचली असती. पण चिकटवू नकोस.

दोन कारणं आहेत. पहिलं असं की तुझ्या त्या चार पानांत मी अजून वर्गात उभी आहे. आया भारावल्या आहेत, मिस हान मला आधी जाऊ देताहेत, शिरीष इंशाल्ला म्हणायला विसरला आहे, आणि आर्याची परीक्षा इथेच होणार आहे. एवढ्या एकाच ठिकाणी मी कायम झाले आहे. तिथून तरी मला काढू नकोस. सांगली-मिरजेतलं कुणी विचारलं तर सांग, आहे, तिकडेच असते, आचार्या आहे.

दुसरं कारण तुला आवडणार नाही. प्रत्येक प्रतीत आपल्या हाताने खळ लावून चिठ्ठी चिकटवलीस की तू मोकळा होशील. लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला त्या चिठ्ठीचा काय उपयोग? आमचा डिसेंबर त्याने पुढे जात नाही. तेव्हा लेख गोड आहे तसाच येऊ दे. लोक रस्त्यात थांबवून तुझं कौतुक करतील, ते ऐक. यावेळी तूच ऐक.

खोल्या मात्र रिकाम्या कर. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, आर्याचं टेबल मावेल एवढी जागा ठेव. व्हिजिट व्हिसाचं जमलं नाही तर ती तिथे पुन्हा बारावीचा अभ्यास करेल. आल्यावर ती तुझ्याशी काही दिवस बोलणार नाही. मी तिची समजूत घालणार नाही.

लीना